संगणकालाही कडी-कोयंडा हवा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कामं हातावेगळी करून, नाहीतर करता करताच, तुम्ही रेडिओ लावला असेल. कुणी ज्वारी निवडत असेल, कुणी भाकरी थापत असेल. हात चालू राहू द्या, कान इकडे द्या. आणि जवळपास मुलगी किंवा सून असेल तर तिला वही-पेन घेऊन बसवा. दोन-तीन गोष्टी आज लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

आम्ही बचत गटांच्या समन्वयक. महिनाभर या गावातून त्या गावात जातो, बैठकीला बसतो, वह्या बघतो, कर्जाचे हप्ते जुळवतो. अलीकडे बैठकीच्या खोलीत सतरंजी आणि लोखंडी पेटीच्या जोडीला आणखी एक वस्तू दिसायला लागली आहे, ती म्हणजे संगणक. कुठे मुलाच्या कॉलेजसाठी घेतलेला जुना लॅपटॉप आहे, कुठे एमएस-सीआयटीच्या वेळी हप्त्यावर घेतलेला डबा आहे, तर कुठे ग्रामसंघाच्या खोलीतला आहे. त्याच्यावर कुरडया-पापडाची बिलं होतात, गटाचा हिशोब होतो, कुणाचं पीकविम्याचं काम होतं, कुणाचा दाखला निघतो. संध्याकाळी त्याच्यावरच पोरं गेम खेळतात, आणि पाहुणे आले की पेन ड्राइव्ह लावून लग्नाचे फोटो घेऊन जातात.

आजचं बोलणं या संगणकाच्या राखणीबद्दल आहे. मोबाइलवरच्या फसवणुकीबद्दल आपण पुष्कळ ऐकलं. संगणकाचं मात्र कुणी फारसं बोलत नाही. तो घरात टेबलावर असतो, त्यामुळे तो सुरक्षित आहे असं वाटतं. पण इंटरनेट जोडलं की घराला आणखी एक दार झालं. ते दार कुठे उघडतं ते दिसत नाही, एवढाच फरक.

आधी त्या संगणकात आपलं काय काय आहे ते मोजू या. गटातल्या दहा-बारा जणींच्या आधारच्या प्रती आहेत. पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो आहेत. कुणी किती कर्ज घेतलं, कुणाचा हप्ता थकला, हे सगळं आहे. मुलांची गुणपत्रकं, सातबारा, रेशनकार्ड, जातीचा दाखला आहे. बँकेचा पासवर्ड ब्राउझरने परस्पर लक्षात ठेवलेला आहे. घरात सोनं किती आहे ते आपण शेजारणीलाही सांगत नाही. आणि इथे दहा घरांची कागदपत्रं एका डब्यात ठेवून डबा उघडाच ठेवतो. म्हणून हा प्रश्न एकटीचा नाही. गटाचा संगणक जिच्या घरी असतो, तिच्या घरी सगळ्यांचा विश्वास ठेवलेला असतो.

आता व्हायरस म्हणजे काय ते थोडक्यात बघू. तो काही हवेतून येणारा रोग नाही. माणसानेच लिहिलेला तो एक छोटा प्रोग्राम असतो. तो आपल्या नकळत संगणकात शिरतो आणि दुसऱ्याचं काम करतो. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून जगभर फिरला. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. माणसं फ्लॉपी एकमेकांना देत होती आणि व्हायरस तिच्यावर बसून जात होता. आज आपण पेन ड्राइव्ह देतो, वाट तीच आहे.

पुढे मे २००० मध्ये लोकांना एक ईमेल यायला लागला. विषय होता ‘आय लव्ह यू’, सोबत प्रेमपत्र जोडलेलं. कुणाला बघावंसं वाटणार नाही? लाखो लोकांनी ते उघडलं. ती चिठ्ठी नव्हतीच, प्रोग्राम होता. त्याने फोटोंसारख्या फाइली खराब केल्या आणि त्या माणसाच्या ओळखीच्या सगळ्यांना तेच पत्र पाठवून दिलं. म्हणजे पत्र ओळखीच्या माणसाकडून आलं, तरी ते त्यानेच पाठवलेलं असतं असं नाही.

आणि १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ आला. त्याने दीडशेच्या वर देशांतले संगणक बंद पाडले. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. हा व्हायरस फाइलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. अशा खंडणीखोर व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात. ज्या भोकातून तो शिरत होता, ते बुजवायचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते लावलं त्यांचे संगणक त्यातून वाचले. ज्यांनी ‘नंतर बघू’ म्हटलं ते सापडले.

आता आपल्याकडची गोष्ट सांगतो. आमच्या कामाच्या भागातल्या एका गटाने मसाल्याच्या पाकिटांवर लेबल छापायचं ठरवलं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं तर पैसे लागतात. ओळखीचा एक मुलगा म्हणाला, ‘काकू, कशाला पैसे घालवता? फुकटात टाकून देतो.’ त्याने कुठून तरी चोरीची प्रत उतरवली. ती चालेना, तर तिथेच लिहिलं होतं की आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने बंद केला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दुसऱ्या दिवशी सचिव ताईंनी संगणक उघडला, तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतीच अक्षरं लागलेली आणि पडद्यावर इंग्रजीत निरोप, इतके डॉलर भरा.

पैसे कुणी भरले नाहीत, ते बरंच केलं. भरले तरी फाइली परत मिळतीलच याची काही खात्री नसते. पण पुढचे दिवस फार जड गेले. कर्जाचा वर्षभराचा हिशोब त्यात होता आणि कागदी वही लिहिणं मधल्या काळात बंद पडलं होतं. एक म्हणाली, ‘माझे दोन हप्ते भरलेत.’ दुसरी म्हणाली, ‘एकच भरलाय.’ आठ वर्षं एका सतरंजीवर बसलेल्या बाया एकमेकींकडे संशयाने बघायला लागल्या. शेवटी सभासदांच्या हातातली छोटी पासबुकं आणि बँकेचा खातेउतारा घेऊन आम्ही तीन बैठका बसलो, एकेक नोंद जुळवली. हिशोब लागला. गट मोडला नाही, पण मोडायला आला होता. मैत्रिणींनो, फाइल गेली तर पुन्हा लिहिता येते. एकीच्या मनात दुसरीबद्दल शंका बसली, तर ती काढायला फार वेळ लागतो. म्हणून आम्ही आज हे बोलतोय.

आता राखण कशी करायची ते एकेक करून बघू.

पहिलं काम, अपडेट. संगणक कधीकधी सांगतो, ‘अपडेट आलंय, बंद करून चालू करा.’ आपण कामात असतो, नंतर म्हणतो, आणि ते नंतर कधी येत नाही. पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो, कौलं नीट बसवतो. अपडेट म्हणजे तेच. आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी संध्याकाळी अपडेट लावून संगणक तसाच चालू ठेवा, तो त्याचं काम करील.

यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. विंडोज ७ ला कंपनीकडून ठिगळं मिळणं जानेवारी २०२० मध्ये बंद झालं. विंडोज १० चं नेहमीचं काम १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर आणखी एक वर्ष सुरक्षेची ठिगळं मिळतात, तेवढीच. म्हणून जुना लॅपटॉप विकत घेताना दिसायला कसा आहे, किती जीबी आहे, एवढंच विचारू नका. ‘यात विंडोज ११ चालेल का?’ हेही विचारा. दुकानदार म्हणाला, ‘नाही, पण काही बिघडत नाही,’ तर भाव कमी करून घ्या, किंवा दुसरा बघा. घरात असा जुना संगणक असेलच, तर त्यावर बँकेचं काम आणि गटाचा हिशोब ठेवू नका. लिनक्स नावाची मोफत प्रणाली अशा जुन्या मशीनवर चांगली चालते. जाणत्या माणसाकडून ती बसवून घेता येते.

दुसरं, अँटिव्हायरस. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा राखणदार आधीच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा आणि उघडा. सगळीकडे हिरवी खूण दिसली तर राखणदार जागा आहे. लाल किंवा पिवळी दिसली तर तिथे काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या. वेगळा अँटिव्हायरस विकत घेतला तरी हरकत नाही. पण एकावेळी एकच ठेवा, दोन टाकले तर ते एकमेकांतच भांडतात आणि संगणक रडत चालतो. आणि घेतला तर त्याची मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

जाता जाता एक सांगायला आनंद वाटतो. क्विक हील हा अँटिव्हायरस बनवणारी कंपनी आपल्या पुण्याची आहे. तिचे संस्थापक कैलास काटकर सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, मग संगणक दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसच फार असायचे, म्हणून त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढायचा प्रोग्राम लिहिला. संगणकाची विद्या फक्त शहरातल्या इंग्रजी शाळांची नाही, हे पोरींना सांगायला ही गोष्ट लक्षात ठेवा. अँटिव्हायरस कुठला घ्यायचा ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा.

तिसरं, प्रत्येकाचं वेगळं खातं. एका घरात एकच चूल असली तरी पेट्या वेगळ्या असतात ना? तसं संगणकात मुलांसाठी एक खातं, गटाच्या कामासाठी दुसरं खातं करता येतं. मुलांचं खातं ‘स्टँडर्ड’ ठेवा, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नको. मग पोरांनी गेम समजून काही भलतंच उतरवायला घेतलं, तर संगणक मोठ्यांचा पासवर्ड मागतो आणि बहुतेक वेळा काम तिथेच अडतं. उठून जाताना विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि एल हे अक्षर एकदम दाबा. पडदा बंद होतो. चहा टाकायला उठलात तरी ही सवय ठेवा.

चौथं, पासवर्ड. मुलाचं नाव आणि जन्मसाल, गावाचं नाव आणि १२३, असे पासवर्ड गावातलं शेंबडं पोरही ओळखेल. लांब पासवर्ड चांगला. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द घ्या. समजा झाडाचं नाव, भांड्याचं नाव, वाराचं नाव आणि आवडती भाजी. ओळीने लिहा, झाला पासवर्ड. तुम्हाला आठवतो, दुसऱ्याला सुचत नाही. पण आत्ता सांगितलेला क्रम जसाच्या तसा घेऊ नका, तुमचा तुम्ही लावा. ईमेलचा पासवर्ड आणि बँकेचा पासवर्ड वेगळा हवा. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. मग पासवर्ड चोरला तरी मोबाइलवरच्या दुसऱ्या परवानगीशिवाय दार उघडत नाही. पासवर्ड लक्षात राहत नसतील तर वहीत लिहा आणि वही ट्रंकेत ठेवा. त्यात काही चूक नाही. संगणकाच्या पडद्याला चिठ्ठी चिकटवणं मात्र चूक आहे. असे पडदे आम्ही पुष्कळ पाहिलेत.

पाचवं, पेन ड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला, लग्नाच्या फोटोवाल्याकडून आलेला, शाळेतून आलेला पेन ड्राइव्ह हा बाहेरून आलेल्या चपलेसारखा समजा. लावल्या लावल्या आत शिरू नका. आधी त्याच्या चिन्हावर उजवं बटण दाबून अँटिव्हायरसकडून तपासून घ्या. गटासाठी एक पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, तो फक्त हिशोबाचा. बाहेर प्रिंट काढायला दुसरा न्या.

सहावं, फाइलचं आडनाव. प्रत्येक फाइलला नाव असतं आणि टिंबानंतर आडनाव असतं. डॉट पीडीएफ म्हणजे कागद, डॉट जेपीजी म्हणजे फोटो. डॉट ईएक्सई म्हणजे प्रोग्राम, तो उघडला की कामाला लागतो. चोर काय करतात, ‘कर्जमाफी यादी डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असं नाव देतात. विंडोज एरवी शेवटचं आडनाव लपवून ठेवतं, त्यामुळे आपल्याला दिसतं फक्त ‘कर्जमाफी यादी डॉट पीडीएफ’. आपल्याला वाटतं कागद आहे. ते प्रेमपत्र असंच आलं होतं. यावर उपाय सोपा आहे. फाइली दिसतात त्या खिडकीत वर ‘व्ह्यू’ लिहिलेलं असतं, त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ला टिक करा. मग पूर्ण नाव दिसतं. मोबाइलवर हेच काम ‘डॉट एपीके’ आडनावाची फाइल करते. लग्नपत्रिका, चलन, योजनेची यादी, कुठलंही नाव असू दे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके उघडायची नाही.

सातवी गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण यात आपल्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या बायाही अडकल्या आहेत. तुम्ही काहीतरी शोधत असता. एकदम सगळा पडदा लाल होतो, भोंगा वाजायला लागतो. लिहिलेलं असतं, ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा.’ छातीत धस्स होतं. फोन लावला की पलीकडचा फार अदबीने बोलतो. म्हणतो, मॅडम, घाबरू नका, मी इथून दुरुस्त करतो, फक्त एक छोटं सॉफ्टवेअर टाका. तो एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला लावतो. ही सॉफ्टवेअरं स्वतः वाईट नाहीत. दूर बसून दुसऱ्याचा संगणक चालवण्यासाठी ती केलेली आहेत, कंपन्यांत रोज वापरतात. पण ती टाकून तुम्ही नंबर सांगितला, की तुमचा माउस त्याच्या हातात गेला. मग तो बँक उघडायला लावतो, ‘फी फक्त दहा रुपये’ म्हणतो, आणि तुम्ही काय टाइप करता ते सगळं बघतो.

अशा वेळी काय करायचं? मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की समजायचं, ही थाप आहे. तो लाल पडदा म्हणजे नुसतं चित्र असतं. फोन करू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर बंद करा. ते जमत नसेल तर चालू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, संगणक बंद होईल. पुन्हा चालू केल्यावर ब्राउझर विचारतो, आधीची पानं परत उघडू का? तिथे नाही म्हणा. आणि एखादी वेबसाइट ‘नोटिफिकेशन पाठवू का’ असं विचारते, तिथे ‘अलाऊ’ न दाबता ‘ब्लॉक’ दाबा. कोपऱ्यात सारख्या भीतीच्या चिठ्ठ्या येतात, त्या बऱ्याचदा आपणच दिलेल्या परवानगीने येत असतात.

आठवं, वेबसाइटचा पत्ता वाचणं. पाकिटावरचा पत्ता आपण कसा वाचतो? पत्र कुठे जाणार ते खालच्या ओळीवरून कळतं, तालुका आणि जिल्हा. वेबसाइटचंही तसंच. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्या आणि शेवटाकडून वाचा. सरकारी जागेच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असतं, आणि ही नावं सरकारशिवाय दुसऱ्याला मिळत नाहीत. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा खोट्या वेबसाइटही निघाल्या. खरी होती ‘लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’. नावात लाडकी बहीण आहे, वर फोटोही आहे, पण शेवटी भलतंच काही असेल, तर तिथे आधार नंबर टाकायचा नाही. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने आता ‘बँक डॉट इन’ असा वेगळा शेवट ठरवून दिला आहे. आपल्या बँकेचा पत्ता एकदा शाखेत जाऊन विचारा, वहीत लिहा, आणि दर वेळी तोच टाइप करा. शोधून येणाऱ्या पहिल्या ओळीवर जाऊ नका, ती जाहिरात असू शकते. आणि पत्त्याजवळ कुलपाचं चित्र दिसलं म्हणजे वेबसाइट प्रामाणिक आहे असं नव्हे. वाटेत कुणी वाचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चोराच्या घरालाही कुलूप असतंच की.

नववं, आधारच्या प्रती. गटाच्या संगणकात पूर्ण आधार ठेवण्याची गरज नेहमी नसते. पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून उतरवता येतं. जिथे चालतं तिथे तेच द्या. आपल्या अंगठ्याचा ठसा कुणी वापरू नये म्हणून बायोमेट्रिक लॉकही तिथेच करता येतो, आणि लागेल तेव्हा उघडता येतो. अडचण आली तर आधारची मदतवाहिनी आहे १९४७. दुसऱ्याच्या दुकानात जाऊन फॉर्म भरलात, तर निघताना डाउनलोडमधली आपली कागदपत्रं पुसायला लावा आणि खात्यातून बाहेर पडा.

दहावं आणि आमच्या मते सगळ्यात मोठं काम, जादा प्रत ठेवणं. इंग्रजीत बॅकअप म्हणतात. आपल्या आज्या बियाणं कसं ठेवायच्या? सगळं एका कणगीत नाही. थोडं मडक्यात राख घालून, थोडं गाडग्यात, आणि थोडं माहेरी किंवा शेजारी. एकीकडे कीड लागली तर दुसरीकडचं वाचतं. संगणकवाले लोक हेच सांगतात. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या वस्तूंवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या जागी ठेवा. गटाचा हिशोब संगणकात, दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी अध्यक्षांच्या घरी किंवा गटाच्या ईमेलच्या ड्राइव्हमध्ये. प्रत काढून झाली की पेन ड्राइव्ह काढून ठेवा. तो लावलेलाच राहिला तर कुलूप लावणारा व्हायरस त्याच्यातही शिरतो. आणि कागदी वही बंद करू नका. दर बैठकीला सभासदाच्या पासबुकात शाईने नोंद आणि सही झालीच पाहिजे. त्या मसाल्याच्या गटाला शेवटी त्या छोट्या पासबुकांनीच तारलं.

एवढं करूनही काही झालंच तर? मोठ्यामोठ्यांचं होतं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत ऑगस्ट २०१८ मध्ये असाच प्रोग्राम घुसवून ९४ कोटींवर रुपये लुटले गेले. एवढी मोठी बँक, तिथे तज्ज्ञ माणसं होती, तरी झालं. तेव्हा आपल्या घरात झालं म्हणून आपण मूर्ख ठरत नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय. एका गावात एका ताईंच्या खात्यातून अठरा हजार गेले. मुलीच्या फीचे होते. त्यांनी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. नवरा काय म्हणेल, सासू म्हणेल ‘हिला कशाला हवा होता संगणक’, गटात हसतील, या भीतीने त्या गप्प राहिल्या. रात्री झोप नाही, जेवण नाही. नवव्या दिवशी बैठकीत रडू फुटलं तेव्हा कळलं. तोवर पैसे चार हातांतून पुढे गेलेले होते. पहिल्या तासात फोन केला असता तर काही तरी अडवता आलं असतं. त्या चोराला पासवर्डपेक्षा जास्त मदत ताईंच्या गप्प बसण्याने झाली. आणि ताई गप्प का बसल्या, तर घरात आणि गटात बोल लावला जाईल म्हणून. तेव्हा हे ऐकणाऱ्या सासवांना, जावांना आणि घरातल्या दादांनाही सांगणं आहे. कुणी येऊन सांगितलं की ‘असं झालं’, तर आधी ‘तुला अक्कल नाही का’ म्हणू नका. आधी फोन लावा.

कुठला फोन? आता पेन उचला. १९३०. एक, नऊ, तीन, शून्य. ही सायबर फसवणुकीची देशभराची मदतवाहिनी आहे. इथे तक्रार गेली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं आणि पैसे पुढे गेले नसतील तर ते रोखता येतात. म्हणून पहिला तास सोन्याचा. वेबसाइट आहे ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’. तिथेही तक्रार नोंदवता येते.

क्रम असा ठेवा. आधी संगणकाचं इंटरनेट तोडा, वायफाय बंद करा किंवा वायर काढा. मग १९३० ला फोन. मग बँकेला फोन करून खातं आणि कार्ड थांबवायला सांगा, तक्रारीचा क्रमांक मागून लिहून घ्या. मग दुसऱ्या, चांगल्या मोबाइलवरून किंवा संगणकावरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. आलेले मेसेज पुसू नका, त्यांचे फोटो काढा, तोच पुरावा. आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा, एकटी नाही, दोघी-तिघी जा.

रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियमही माहीत असू द्या. आपली चूक नसताना आणि बँकेचीही चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. चार ते सात दिवस झाले तर ठरावीक मर्यादेपर्यंत आपल्यावर येतं. त्यानंतर बँकेचं जे धोरण असेल ते. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर पुढे गेलेलं बँकेचं. म्हणजे कसंही असलं तरी लवकर सांगण्यातच फायदा आहे.

पडद्यावर पोलिसाच्या वेशातला माणूस आला आणि ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ म्हणाला, तर तो फोन तिथेच बंद करा. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. उलट दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकावरून फसवणं हा गुन्हा आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

संगणक बिघडलाय अशी शंका असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर व्हायरस काढायची साधनं मोफत मिळतात. दुरुस्तीला देताना मात्र आधी हिशोबाची प्रत काढून घ्या, आणि जमलं तर समोर बसून दुरुस्त करून घ्या.

आता या महिन्याचं काम. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर पाच मिनिटं संगणकासाठी ठेवा. चार प्रश्न विचारा. अपडेट लावलं का? हिरवी खूण दिसते का? हिशोबाची जादा प्रत काढली का, आणि ती कुणाकडे आहे? या महिन्यात कुणाला संशयास्पद फोन किंवा फाइल आली का? उत्तरं कार्यवृत्ताच्या वहीत लिहा. ज्या गटात शिकलेली मुलगी आहे त्यांनी तिला हे काम द्या आणि तिचा मान ठेवा. ती बारावीला असली तरी चालेल. पण पासवर्ड एकीच्याच डोक्यात नको. बंद पाकिटात घालून अध्यक्षांकडे एक प्रत ठेवा. मुलीचं लग्न होऊन ती गेली आणि पासवर्डही गेला, असं दोन गटांत झालंय.

आणि भिंतीवर, संगणकाच्या वर, मोठ्या अक्षरांत १९३० लिहा. तेवढं मात्र चिकटवलेलं चालतं.

पुढच्या महिन्यात यूपीआय आणि गटाच्या खात्याचे व्यवहार यावर बोलू. तुमचे प्रश्न बैठकीत आमच्याजवळ द्या, नाव लिहिलं नाही तरी चालेल.